डेव्हरनकाठचं घर आणि चढणीच्या माशांचा हक्क

घराच्या किल्ल्या हातात आल्या त्याला आज सहा आठवडे झाले. स्कॉटलंडच्या ईशान्येला, अ‍ॅबर्डीनशायरमध्ये, डेव्हरन नदीच्या काठी एक जुनं, छोटंसं दगडी घर आणि त्याच्यासोबत एका काठाने सुमारे चारशे मीटर पात्रात सालमन धरण्याचा हक्क, एवढं आम्ही विकत घेतलं. घर पहिल्यांदा पाहिलं मार्चमध्ये, किल्ल्या मिळाल्या सप्टेंबरमध्ये. मधल्या सहा महिन्यांत जे कागद वाचावे लागले, ज्या चुका होता होता राहिल्या, त्यातलं निम्मं जरी कोणी आधी मराठीत सांगितलं असतं तरी माझ्या बऱ्याच रात्री शांत झोपेत गेल्या असत्या. म्हणून हे सगळं तारीखवार लिहिते आहे.

मी मूळची चिपळूणची. पहिला पाऊस झाला की ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून उलट्या पाण्याने वर सरकणारे चढणीचे मासे धरायला रात्री बत्त्या घेऊन अख्खी वाडी निघायची. मी बाबांचा हात धरून जायची. गरीला गांडूळ लावायला आणि गप्प बसायला त्यांनीच शिकवलं. आता अ‍ॅबर्डीनमध्ये अठरा वर्षं झाली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी एका सहकारी बाईंनी मला बँकोरीजवळच्या फ्यूख नदीच्या पुलावर नेलं आणि खालच्या खडकांवरून उडी मारणारा सालमन दाखवला. हातभर लांबीचा मासा, पाण्याच्या भिंतीवर आपटून खाली पडत होता आणि पुन्हा उडी घेत होता. मला वाडीतला ओढा आठवला. हाही चढणीचाच मासा. गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो, आणि एक, दोन किंवा तीन हिवाळे तिकडे काढून अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. (घरच्यांना मी सालमन म्हटलं की ते रावस समजतात. हॉटेलच्या मेनूवर रावसाला ‘इंडियन सालमन’ म्हणतात खरं, पण या दोघांचं काही नातं नाही.)

त्या दिवसापासून मी गळ टाकायला लागले. इथे नदीवर दिवसाच्या हिशेबाने परवाना घेऊन मासेमारी करता येते आणि पंधरा वर्षं मी तेच केलं. स्वतःचा काठ असावा ही इच्छा मोठी होती. पण असा हक्क म्हणजे किल्लेवाल्या जमीनदारांची गोष्ट, असाच माझा समज होता. तसं नसतं. छोटे तुकडेही कधीमधी विकायला येतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दुसऱ्या एका नदीवरच्या घरासाठी बोली लावली होती. ती हरलो, आणि आज वाटतं की बरंच झालं. तेव्हाच्या शहरातल्या वकिलाने मला बिनधास्त सांगितलं होतं की काठ तुमचा म्हणजे मासे तुमचे. ट्राउट माशापुरतं ते खरं आहे, तो हक्क काठाच्या जमिनीबरोबर येतो. सालमनचं तसं नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात सालमन धरण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी, स्वतंत्र स्थावर मालमत्ता आहे. मुळात तो राजसत्तेचा. राजाने शतकानुशतकं तो सनदेने कुणाकुणाला दिला आणि पुढे त्याची खरेदी-विक्री होत गेली. त्यामुळे काठ एकाचा आणि त्याच काठासमोरचे सालमन दुसऱ्याचेच, असं इथे सर्रास असतं. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यासारखं हे असेल असं मला आधी वाटलं होतं. पण हा रकाना नव्हे, हा दुसरा सातबाराच आहे. ज्याला असं काही घ्यायचं असेल त्याने पहिल्या फोनवरच वकिलाला विचारावं, की सालमनच्या हक्काचे व्यवहार तुम्ही आधी केले आहेत का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा वकील बघावा.

आम्ही तेच केलं. जानेवारी २०२५ मध्ये एका छोट्या गावातल्या वकीलबाई मिळाल्या. या नद्यांवरचे कागद त्या पंचवीस वर्षं बघत होत्या. फी त्यांनी आधीच लेखी दिली. घराच्या खरेदीचे १,४५० पौंड, मासेमारीच्या हक्काची तपासणी वेगळी ९०० पौंड, त्यावर व्हॅट.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅबर्डीनच्या वकिलांच्या प्रॉपर्टी सेंटरच्या यादीत हे घर दिसलं. इथे घरं विकण्याचं काम बरेचदा वकीलच करतात. जाहिरातीत ‘२,६०,००० पौंडांच्या वर बोली’ असं लिहिलेलं, आणि शेवटच्या ओळीत ‘एका काठाची सालमन मासेमारी’ एवढाच उल्लेख. शनिवारी १५ मार्चला आम्ही बघायला गेलो. टरिफ आणि हंटली या दोन गावांच्या मध्ये, मुख्य रस्त्यापासून दीड मैल आत. मालकीणबाई ८१ वर्षांच्या, यजमान जाऊन चार वर्षं झालेली. त्यांनी आम्हाला आधी घर नाही, नदी दाखवली. वरचा डोह, मधला डोह, खालचा डोह. कुठल्या दगडामागे मासा थांबतो, पाणी गढूळ असताना कुठे उभं राहायचं, ते सगळं काठीने दाखवत होत्या.

मग मी त्यांना माझा प्रश्न विचारला: पाणी कुठपर्यंत येतं?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आई-बाबा माळ्यावर होते आणि मी इथे फोन हातात धरून बसले होते. चौदा तास फोन लागला नाही. खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, आजीची शिसवी पेटीही. त्यामुळे नदीकाठी घर घेताना बाकी सगळं मला नंतरचं होतं. बाईंनी मला शेडच्या दाराच्या चौकटीवर सुरीने मारलेल्या खुणा दाखवल्या. सर्वांत वरची २००९ ची, ज्या वर्षी हंटलीतही पाणी शिरलं होतं. ती खूण घराच्या उंबऱ्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर खाली होती. घर उंचवट्यावर आहे, शेड खाली. परत आल्यावर मी सेपा, म्हणजे इथल्या पर्यावरण संस्थेचा पुराचा नकाशा उघडला. तो कोणालाही फुकट बघता येतो. त्यात शेड आणि अर्धी बाग निळ्या पट्ट्यात होती आणि घर पट्ट्याबाहेर. नकाशा आणि चौकटीवरच्या खुणा जुळल्या तेव्हा कुठे मी घराबद्दल विचार करायला लागले.

त्या रात्री बाबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाय, पूर विसरलीस काय?” मी म्हटलं, विसरले नाही, म्हणूनच खुणा मोजून आले. तर म्हणाले, “मग पाणी उतरायला वाट कुठनं आहे ते बघून घे. चढतं कसं ते सगळे बघतात.” दुसऱ्याच आठवड्यात मी परत गेले ते फक्त हे बघायला. वरच्या अंगाला पाणी रस्त्यावर आलं तर बाहेर पडायला शेताच्या कडेने दुसरी वाट आहे का? होती. पण ती शेजाऱ्याच्या शेतातून जात होती. हा मुद्दा पुढे कामाला आला.

स्कॉटलंडमध्ये घर विकणाऱ्याला होम रिपोर्ट द्यावा लागतो. २००८ च्या डिसेंबरपासूनचा हा नियम आहे. त्यात सर्व्हेअरची पाहणी, ऊर्जेचा दाखला आणि मालकाने भरलेली प्रश्नावली असते. खर्च विकणाऱ्याचा, त्यामुळे आपल्याला तो नुसता मागून घ्यायचा. आमच्या घराचं मूल्यांकन २,६५,००० आलं होतं. उत्तरेच्या भिंतीत ओल, छपराच्या दोन वाशांना कीड, सेप्टिक टँक ‘तपासलेली नाही’. मासेमारीबद्दल एकच ओळ: ‘पाहणीत समाविष्ट नाही’. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही जात होतो तिची किंमत त्या जाड रिपोर्टात कुठेच नव्हती. वकीलबाई म्हणाल्या, की ती किंमत गेल्या काही वर्षांत तिथे किती मासे लागले यावर ठरते, म्हणून नोंदवही मागा.

मालकीणबाईंनी आढेवेढे न घेता नोंदवही दिली. काळ्या पुठ्ठ्याच्या तीन वह्या, १९६४ पासूनच्या. तारीख, पाण्याची उंची, कोणती माशी लावली, माशाचं वजन, कोणी धरला. (इथे गळाला आमिष नव्हे, पिसांची आणि केसांची बांधलेली खोटी माशी लावतात.) सुरुवातीच्या पानांवर एकेका मोसमात तीसच्या वर मासे. शेवटच्या वहीत पाच, तीन, चार, एक. जवळपास प्रत्येक ओळीपुढे ‘सोडला’ असा शेरा. मी ती वही दोन रात्री वाचत होते. देशभर हेच झालं आहे. स्कॉटलंडमध्ये गळाने धरलेल्या सालमनची अधिकृत मोजणी १९५२ पासूनची आहे आणि तिच्यातले सर्वांत कमी आकडे याच दशकातले. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सालमन ‘धोक्यात असलेला’ म्हणून जाहीर केला. नवरा म्हणाला, मासेच नसतील तर हक्क कशाचा घेतोय आपण? हा प्रश्न आम्ही टाळला नाही. मला उत्तर एवढंच सुचलं, की डोहावर ज्याचं लक्ष असतं त्याच्याच डोहात उरलेले मासे सुखरूप अंडी घालतात. पैशाची गुंतवणूक म्हणून बघायचं असेल तर कृपया या फंदात पडू नका.

शेवटच्या वहीत मध्येच एक जुनं कात्रण चिकटवलेलं होतं. याच डेव्हरनवर १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिसेस मॉरिसन यांनी माशीवर ६१ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेसत्तावीस किलोचा सालमन धरला होता. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, ७ ऑक्टोबर १९२२ ला, टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन यांनी ६४ पौंडांचा. गळाने धरलेल्या सालमनचा ब्रिटनमधला तो विक्रम आजही मोडलेला नाही. दोन्ही बायका. मालकीणबाईंनी त्या कात्रणाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

वकीलबाईंनी ‘नोट ऑफ इंटरेस्ट’ पाठवली, म्हणजे आम्ही उत्सुक आहोत, आम्हाला कळवल्याशिवाय विकू नका, असं पत्र. आणखी दोघांच्या नोट आल्या तेव्हा क्लोजिंग डेट लागली. शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी १२. ही बंद पाकिटातली निविदाच असते, दुसऱ्याने किती लिहिलंय ते कधीच कळत नाही. आम्ही २,८१,५०० लिहिले. गोल आकडा लिहू नका, असं सगळेच सांगतात. बोलीबरोबर मी वकीलबाईंना विचारून एक छोटं पत्रही जोडलं, की आम्ही कायम राहायला येतोय आणि वही पुढे चालू ठेवू. त्याचा किती उपयोग झाला ते सांगता येणार नाही. पावणेतीनला फोन आला, बोली मान्य. मी लॅबमध्ये होते. हातमोजे काढून जिन्यात जाऊन रडले.

पण बोली मान्य म्हणजे घर झालं असं नाही. त्यानंतर दोन्ही वकिलांमध्ये पत्रं जातात-येतात, त्यांना मिसिव्ह्ज म्हणतात. शेवटचं पत्र बिनशर्त स्वीकारलं गेलं की करार पक्का, तोवर दोघेही मोकळे. आमची ही पत्रं तीन आठवड्यांत संपतील असा अंदाज होता. लागले साडेतीन महिने.

कारण हक्काचे कागद. हे घर १९६३ पासून एकाच कुटुंबाकडे, त्यामुळे त्याची नोंद जुन्या ‘सेसीन’ रजिस्टरमध्ये होती. १६१७ साली सुरू झालेलं हे दस्तांचं रजिस्टर. त्यात दस्त असतो, पण आजच्यासारखा मोजणीचा नकाशा असेलच असं नाही. आता विक्री झाली की मालमत्ता नव्या लँड रजिस्टरमध्ये नकाशासकट चढवावी लागते, आणि तिथे हद्द नेमकी दाखवावी लागते. १९६३ च्या खरेदीखतात मासेमारीची हद्द ‘ओढा नदीला मिळतो तिथपर्यंत, पात्राच्या मध्यरेषेपर्यंत’ अशी होती. एक काठ विकत घेतला की हक्क नदीच्या मध्यापर्यंतच, पलीकडचा अर्धा भाग समोरच्या काठाच्या मालकाचा, हे मला माहीत होतं. पण तो ओढा! गेल्या साठ वर्षांत हळूहळू सरकत त्याचं तोंड जवळजवळ ४० मीटर वर आलं होतं. आजच्या ओढ्यापासून मोजलं तर खालच्या डोहाचं शेपूट, म्हणजे मासा चढून आल्यावर जिथे पहिला दम खातो तीच जागा, खालच्या शेजाऱ्याकडे जात होती.

मे महिना त्यात गेला. इथे एक गोष्ट शिकले, ती आपल्या वहिवाटीसारखीच आहे. तुमच्याकडे हक्क दाखवणारा दस्त असेल आणि त्यानुसार तुम्ही सलग दहा वर्षं उघडपणे, कोणाच्या हरकतीशिवाय हक्क वापरला असेल, तर तो पक्का होतो. पण नुसती वहिवाट चालत नाही, मागे दस्त लागतो. आणि वहिवाट सिद्ध करायची तर पुरावा लागतो. आमच्याकडे पुरावा होता: त्या तीन काळ्या वह्या. ‘खालच्या डोहाचं शेपूट’ असं लिहून धरलेले मासे त्यात वर्षानुवर्षं नोंदलेले होते. मालकीणबाईंनी प्रतिज्ञापत्र केलं, पंधरा वर्षं तिथे गिली म्हणून काम केलेल्या गृहस्थांनीही केलं. (गिली म्हणजे मासेमारीला सोबत करणारा, नदी ओळखणारा माणूस.) खालचे शेजारी भले निघाले. आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो, सगळे मिळून काठावरून चालत गेलो, एका जुन्या अल्डरच्या झाडापाशी रेघ ठरली आणि तिचा नकाशा दोन्ही बाजूंनी सह्या करून नोंदवायचं ठरलं. डोहाचं शेपूट आमच्याकडे आलं, त्याखालचा खडकाळ तुकडा त्यांच्याकडे गेला. त्या तुकड्यापोटी किमतीतून ६,५०० पौंड कमी झाले. शेवटचा आकडा २,७५,०००.

त्याच भेटीत मी दुसऱ्या वाटेचा विषय काढला. खालच्या डोहाला जाताना आणि पुराच्या वेळी बाहेर पडताना त्यांच्या शेताची कड लागते. तोवर ते ‘जा की, कोण अडवतंय’ असंच चाललेलं. आम्ही तो जाण्या-येण्याचा हक्क लिहून घेतला, पायी आणि गाडीने. आजचा शेजारी चांगला आहे, उद्याचा कोण असेल ते माहीत नसतं. हे सगळ्यांनी करावंच.

एक गोष्ट मात्र लिहून घेऊनही मिळत नाही: एकांत. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कोणालाही जबाबदारीने कोणाच्याही मोकळ्या जमिनीवरून, काठावरून चालता येतं. मासेमारी त्यात येत नाही, पण चालणं, बसणं, पोहणं येतं. खासगी हक्क म्हणजे खासगी नदी नव्हे. मला ते आवडतं. ज्यांना आवडणार नाही त्यांनी आधीच समजून घ्यावं.

जूनमध्ये आणखी एक अडचण निघाली. १९६३ मध्ये जमीन विकणाऱ्या मोठ्या इस्टेटीने पुढच्या विक्रीच्या वेळी आधी आम्हाला विचारा, अशी अट ठेवली होती. कायद्याने त्यांना रीतसर देकार द्यावा लागला आणि उत्तरासाठी २१ दिवस थांबावं लागलं. ते घेणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ते एकवीस दिवस मी कॅलेंडरवर खोडत होते. विसाव्या दिवशी नकार आला.

दरम्यान घराची बाकीची कामं. सेप्टिक टँकची तपासणी ३४० पौंड. टाकीची सेपाकडे नोंदणी आहे का ते विक्रीच्या वेळी बघितलं जातं. नव्हती, ती मालकीणबाईंकडून करून घेतली. नदीपासून इतक्या जवळ हे महत्त्वाचं, सांडपाणी शेवटी कुठे मुरतं ते बघावंच लागतं. पाणी खासगी झऱ्याचं. त्याची चाचणी कौन्सिलकडून करून घेतली. जंतू निघाले म्हणून अल्ट्राव्हायोलेट दिवा आणि फिल्टर बसवावा लागला, १,२०० पौंड. २०२५ चा वसंत इथे फार कोरडा गेला, नदी दगडांवर आली होती. एका अर्थी बरंच झालं, झरा वाईटात वाईट दिवसांत किती वाहतो ते बघून ठेवता आलं. खेड्यातलं झऱ्याचं घर घेत असाल तर पावसाळी आठवड्यात पाणी मोजून खूश होऊ नका.

विम्याने सर्वांत जास्त छळलं. पत्त्याचा पोस्टकोड टाकला की चार कंपन्यांनी नकारच दिला, कारण पोस्टकोडमध्ये खालची शेतंही येतात. एकीने २,३०० पौंड वर्षाचे सांगितले. शेवटी दलालामार्फत गेलो, नकाशा, उंबऱ्याची मोजलेली उंची आणि चौकटीवरच्या खुणांचे फोटो पाठवले, तेव्हा ६८० वर आलं. करार पक्का करण्याआधी विम्याचा लेखी आकडा हातात ठेवा. बँकेनेही तो मागितला. बँकेने कर्ज फक्त घराच्या मूल्यांकनावर दिलं, मासेमारीचा हक्क त्यांच्या हिशेबात शून्य. तेवढी जास्तीची रक्कम आम्हाला स्वतःची घालावी लागली. अ‍ॅबर्डीनमधल्या फ्लॅटच्या किमती तेलाच्या पडझडीपासून घसरलेल्या, त्यामुळे आमचा फ्लॅट घेतल्या किमतीपेक्षा कमीत गेला. ते दुःख आहे, पण हिशेबात धरलेलं होतं.

फ्लॅट आधी विकणं का गरजेचं होतं ते सांगते. इथला खरेदीवरचा कर १,४५,००० पर्यंत शून्य, पुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, त्यापुढे ३,२५,००० पर्यंत ५ टक्के, असा टप्प्यांनी वाढतो. आमच्या वकिलांनी सगळी रक्कम राहत्या घराच्या पट्टीने धरली, ३,३५० पौंड झाले. पण खरेदी पूर्ण होते त्या दिवशी तुमच्या नावावर दुसरं घर असेल तर डिसेंबर २०२४ पासून पूर्ण किमतीवर आणखी ८ टक्के. आमच्यासाठी ते २२,००० झाले असते. जुनं राहतं घर ठरलेल्या मुदतीत विकलं तर परत मिळतात, पण आधी भरावे लागतात. सालमनचा हक्क वेगळी मालमत्ता असल्यामुळे कर कोणत्या पट्टीने लागतो हा प्रश्न सरळ नाही. वकिलाकडून उत्तर लेखी घ्या.

३० जुलैला करार पक्का झाला. शुक्रवारी, ५ सप्टेंबरला दुपारी पैसे पोचले आणि किल्ल्या मिळाल्या. मालकीणबाई आदल्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या. ओट्यावर त्यांनी तीन काळ्या वह्या, एक कोरी चौथी वही आणि माश्यांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता.

शनिवार सामान लावण्यात गेला. रविवारी गळ टाकता येत नाही, स्कॉटलंडमध्ये रविवारी सालमन धरायला कायद्याने बंदी आहे. नोकरी करणाऱ्याला ही अट जड जाते. हक्क घेताना हाताशी नक्की किती दिवस येतात ते मोजा. डेव्हरनचा मोसम ११ फेब्रुवारी ते ३१ ऑक्टोबर, त्यातून रविवार वजा. त्या रविवारी आम्ही दोघं नुसते मधल्या डोहावर बसून राहिलो. संध्याकाळी पाणमांजर दिसलं.

मालकी आल्यावर काही जबाबदाऱ्याही येतात. नदीच्या सालमन मंडळाला दरवर्षी पट्टी द्यावी लागते, हक्काचं जे मूल्य सरकारी असेसर ठरवतो त्यावर ती मोजतात. आमची १८० पौंडांच्या आसपास आहे. त्यातून राखणदार, नदीतले अडथळे काढणं, पिल्लांची मोजणी चालते. वर्षअखेरीला किती मासे धरले, किती सोडले याचा तक्ता सरकारला पाठवणं बंधनकारक आहे, एकही मासा मिळाला नसला तरी. गळाने धरलेला सालमन विकणं गुन्हा आहे. आणि काठावर दगड टाकायचे, पात्रात काही करायचं, तर बरेचदा आधी परवानगी. ते योग्यच आहे, त्याच खडीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मादी शेपटीने खळगा करून अंडी घालते. आम्ही ठरवलंय की मिळेल तो प्रत्येक मासा सोडायचा, बिनकाट्याची गरी वापरायची, आणि माशाला पाण्याबाहेर काढायचं नाही.

सोमवारी ८ सप्टेंबरला मी रजा घेतली होती. पहाटे पाऊस पडून गेलेला, उन्हाळ्यानंतर नदीला पहिल्यांदा थोडं पाणी चढलं होतं. मालकीणबाईंनी सांगितलेल्या दगडाच्या थोडं वर उभी राहिले. साडेदहाच्या सुमाराला खालच्या डोहाच्या शेपटात, अल्डरच्या अलीकडे, एक मोठा मासा उसळला. लालसर, बऱ्याच दिवसांपासून नदीत असलेला. मी चार तास माशी टाकत राहिले, त्याने घेतली नाही. घरी येऊन चौथ्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख, पाण्याची उंची आणि ‘एक दिसला, शेपटात’ एवढं लिहिलं.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल करून नदी दाखवली. अंधारात काही दिसेना. ते म्हणाले, “फोन पाण्याकडे धर.” मी काठावर जाऊन धरला. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “चढलंय गं पाणी. उद्या परत जा.”